काचेवरचे काळे ठिपके

नाही, तसा नाही देता येणार. चिठ्ठी बघितली मी – सर्जनची सही आहे, शिक्का आहे, तुमच्या आईचं नाव आहे, ब्लॉकचा नंबर आहे, तीन नंबर, सगळं जिथल्या तिथे आहे – पण काचेवर ठिपके नाहीत. आणि ठिपके नसले की मी ब्लॉक या खिडकीबाहेर जाऊ देत नाही. नियम कुणाचा? माझा. लिहिलेला नाहीये कुठे, भिंतीवर शोधू नका. भिंतीवरचे वेगळे – मोबाइल बंद ठेवा, जेवणाची सुट्टी एक ते दीड, काउंटरवर रेलू नये – हो, तोच. रेला तुम्ही, तासभर उभ्या आहात. नाहीतर ती खुर्ची ओढून घ्या. डावीकडची नको, तिचा पाय गेलाय, बसलात तर तुम्हालाच हाडांच्या वॉर्डात न्यावं लागेल.

चिडलात, दिसतंय मला. चिडा. मीही चिडलेय, फक्त माझं कुणाला दिसत नाही, अठ्ठावीस वर्षं या खिडकीच्या आत बसून चेहऱ्याचं मेण झालंय. कुरिअरवाला एकला येतो, आत्ता साडेअकरा झालेत, आज गेलं नाही तर मध्ये दोन दिवस सुट्टी, म्हणजे सोमवार, म्हणजे रिपोर्ट तेवढा लांबला, आणि इकडे आईला केमोची तारीख देऊन ठेवलीय – पाठ झालंय मला, तिसऱ्यांदा सांगताय तुम्ही. आणि वरचे छोटे डॉक्टर म्हणाले, द्या तसाच, काही होत नाही. म्हणाले ना? म्हणणारच. येऊन तीन महिने झालेत त्यांना. उथळ पाण्याला खळखळाट फार. ब्लॉक निवडला त्यांनी, काच बघितली न बघितली, नि गेले चहाला. ठिपके द्यायचे ते मोठ्या मॅडमनी, आणि मॅडम मीटिंगमध्ये आहेत. तीन निरोप पाठवलेत. चौथा पाठवला तर त्या माझीच स्लाइड करतील.

कसले ठिपके म्हणजे? हे बघा – हात लावू नका, नुसतं बघा. हा तुमच्या आईचा ब्लॉक. एवढाच असतो. काडेपेटीपेक्षा लहान, प्लॅस्टिकची चौकट, आत मेण, आणि मेणात तो करडा तुकडा दिसतोय ना, डाळीच्या दाण्याएवढा – ती गाठ. म्हणजे गाठीचा काप. यातूनच केसापेक्षा पातळ पापुद्रा काढायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा, की झाली स्लाइड. हा पापुद्रा मी काढलाय. या कपाटातले निम्मे पापुद्रे मी काढलेत. लोकांना वाटतं, आम्ही खिडकीत बसून चिठ्ठ्या घेतो.

आता तुम्ही हा पाठवताय जीनच्या टेस्टला. सर्जननी काय सांगितलं तुम्हाला? आकडा येईल, आकडा कमी असेल तर केमो नको, गोळीवर भागेल, जास्त असेल तर केमो घ्यावी लागेल. एवढंच? एवढंच सांगतात. आकडा कुठून येतो, ते नाही सांगत. मी सांगते, मला कुणी शिकवलं नाही, पण अठ्ठावीस वर्षं भिंतीला पाठ लावून बसलं तरी माणूस काहीतरी शिकतं. जीन सगळ्या पेशींत सारखेच असतात. डोळ्यात तेच, टाचेतही तेच. फरक कुठे आहे – तर कुठला चालू आहे आणि किती जोरात चालू आहे. समोरच्या इमारतीत दिवे सगळ्याच घरांत आहेत, पण लागलेत कुठे, ते बघून तुम्ही सांगता ना, की तिसऱ्या मजल्यावर काहीतरी गडबड आहे? तसंच. हे लोक वीसेक जीन बघतात. काही वाढीचे, पेशी भराभर दुप्पट करणारे. ते जास्त चालू दिसले की आकडा चढतो. आकडा चढला म्हणजे गाठ द्वाड, परत यायची भीती जास्त, म्हणून केमो. हुशारीचं काम आहे, नाही कोण म्हणतं. पूर्वी सरसकट सगळ्यांनाच द्यायचे. आता कितीतरी बायका त्या टेस्टमुळे केमोवाचून सुटतात, आणि बऱ्या राहतात. मी टेस्टच्या विरुद्ध नाही. मला राग आहे तो आकड्याचा. म्हणजे आकड्याचाही नाही – एकदा तो कागदावर छापून आला की सगळे कसे गप्प होतात, त्याचा. कुणी त्याला विचारत नाही, बाबा रे, तू आलास कुठून.

कुठून येणार, इथून. या दाण्यातून. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ते हेच. पण शीत भाताचंच आहे ना, हे कुणी बघायचं?

आता नीट ऐका. ऑपरेशनच्या आधी आईची सुईनं तपासणी केली होती ना? केली होती, फाइलमध्ये आहे, तीन आठवडे आधी. सुई जिथे घुसते तिथे जखम होते. बाहेरून टिकलीएवढीही दिसत नाही, आतून भोक. मग शरीर धावतं ते बुजवायला. नव्या पेशी, रक्ताच्या पेशी, सगळ्या भराभर वाढतायत, दुरुस्ती चाललीय – चांगलं काम आहे ते. त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही. पण मशीनला काय ठाऊक? मशीन त्या दाण्याचं पीठ करतं आणि मोजतं. वाढीचे जीन चालू आहेत? आहेत. कुणाचे, गाठीचे की जखमेचे? ते नाही विचारत. आकडा चढतो. म्हणून मॅडम काय करतात, स्लाइड बघतात, आणि जिथे ती सुईची जागा असेल तिथे काचेवर काळ्या पेनानं भोवती ठिपके देतात – पाच-सहा ठिपके, गोल. त्याचा अर्थ, एवढं सोडा. मग मी काच ब्लॉकवर धरते, जागा जुळवते, आणि ब्लेडनं तेवढं मेण खरवडून टाकते. मग ब्लॉक जातो. पाच मिनिटांचं काम.

तुमच्या आईच्या ब्लॉकमध्ये आहे ती जागा. सकाळी मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. डावीकडे खाली, कोपऱ्यात. मग मीच का खरवडत नाही? कारण मी डॉक्टर नाही, बाई. मला दिसतं, पण मला दिसलेलं चालत नाही. आणि अंदाजानं जास्त खरवडलं तर गाठच जाईल. दाणा केवढा आहे बघितलात ना? दुसरे ब्लॉक आहेत, पण त्यांत गाठ नावापुरती. गाठ लहान होती हे नशीब तुमच्या आईचं, पण मग कामाचा ब्लॉकही एकच. तो बिघडला की बिघडला.

काही होत नाही, असं परत म्हणू नका. ते छोट्या डॉक्टरांचं वाक्य आहे, तुमचं नाही. होतं. बघितलंय मी. इथलंच, दोन वर्षांपूर्वीचं. एक पेशंट होती – बावन्न वर्षांची बाई. चष्म्याच्या दुकानात कामाला. गाठ लहान, काखेत काही पसरलेलं नाही, सर्जन म्हणाले बहुतेक गोळीवर भागेल, एकदा टेस्ट करून घेऊ म्हणजे खात्री. ठिपके न बघता ब्लॉक गेला. आकडा आला एकतीस. एकतीस म्हणजे केमो. आठ डोस. आता तो एकतीस गाठीचा की जखमेचा, सांगा तुम्ही. मला नाही सांगता येत. ती आपली जेवणाच्या टेबलावर रिपोर्ट ठेवून म्हणते, ताई, बघ, बरं झालं टेस्ट केली, नाहीतर मी गोळ्या खात बसले असते नि –

हो. ताई म्हणते. पेशंट म्हणतात ना ताई, सगळेच म्हणतात.

जेवणाच्या टेबलावर म्हणाले का मी? म्हणाले असेन. बरं. आता तुम्ही काय, पोलिसात आहात? शाळेत शिकवता? तरीच. बहीण आहे माझी. धाकटी, दोन वर्षांनी. आमच्या दोघींत मिळून आई एकच होती आणि तीही लवकर गेली, तेव्हा तिच्या वेण्या मीच घातल्या, शाळेत मीच सोडलं, तिच्या लग्नात रडायचं कामही मलाच करावं लागलं. चष्म्याचे ते स्क्रू बघितलेत कधी? मोहरीएवढे. ती ते बिनचष्म्याच्या डोळ्यांनी बसवायची, हो, गंमत बघा, सगळ्या दुकानात तिला एकटीलाच चष्मा नव्हता. मालक म्हणायचा, आमची जाहिरात बुडवता तुम्ही.

ठिपके न बघता ब्लॉक गेला म्हणाले मी. कुणी घालवला ते नाही विचारलंत. चांगल्या घरच्या आहात.

मॅडमनी ठिपके दिले होते. मॅडमची चूक नाही, आधीच सांगते. आमच्याकडे ठिपक्यांच्या काचा लाल ट्रेमधून येतात, बाकीच्या पांढऱ्या. लाल ट्रेला मी कधीही फडकं लावत नाही. पांढऱ्या ट्रेतली प्रत्येक काच कपाटात जाण्याआधी मी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसते – तेलाचे डाग असतात, बोटांचे ठसे असतात, मला नाही आवडत. माझ्या काचा बघा कुठलीही काढून, आरसा. पण तिची काच मला लाल ट्रेतून मिळाली नाही. कारण मी ट्रेची वाटच बघितली नाही. कुरिअर निघणार होतं, तुमच्यासारखंच, मला घाई, पी हळद नि हो गोरी, आणि मॅडम फोनवर होत्या, मी त्यांच्या टेबलावरून तिची काच उचलून आणली. माझ्या बहिणीची, म्हटलं, मीच आधी पाठवते. इथे येऊन बसले, या स्टुलावर. काचेवर तिचं नाव माझ्याच अक्षरात. आणि डोळ्यांना पाणी आलं. मी रडूबाई नाही, विचारा कुणालाही. चष्मा काढला, डोळे पुसले, आणि चष्मा तसाच टेबलावर ठेवून काच पुसली. चांगली घासून. तिची काच म्हणजे काय, लख्ख गेली पाहिजे ना, बाहेरच्या लोकांनी म्हणायला नको, कसल्या घाणेरड्या काचा पाठवतात. बोळ्याला काळं लागलं. बघितलं मी ते काळं. चष्म्याशिवाय बघितलं, पण बघितलं. मला वाटलं, धूळ असेल. बोळा टाकला टोपलीत, ब्लॉक काढला, पाकिटात घातला, सही केली, पाठवला. सगळ्यात स्वच्छ पाकीट होतं त्या दिवसाचं.

मॅडमना का नाही कळलं? त्या दिवसाला ऐंशी काचा बघतात. त्यांनी आपलं काम केलं, ठिपके दिले, माझ्यावर सोडलं. माझ्यावर सोडलेलं काम आजवर कधी चुकलं नव्हतं. तोच तर त्रास आहे. आळशी बाई असते ना मी, तर काच पुसलीच नसती.

फोन. थांबा जरा. – हां मॅडम. हो, मीच पाठवले निरोप. तीन. – आहे इथेच उभी, मुलगी आहे पेशंटची, सकाळपासून आहे. – छोट्या डॉक्टरांनी बघितलंय, पण ठिपके नाहीत, आणि सुईची जागा आहे मॅडम, डावीकडे खाली. – हो, मला माहितीय की मी ते बघायचं नसतं. – नाही, मी अडवून नाही धरलं, मी फक्त म्हटलं, तुमची नजर पडली की – काय? नाही मॅडम. आपल्याकडे नाही झालेलं असं कधी. – नाही, तसं काही कारण नाही. खबरदारी म्हणून आपलं. – आणते वर. आत्ता आणते.

असं बघू नका माझ्याकडे. ऐकलंत ना तुम्ही, मग काय बोलू मी दुसरं? हां मॅडम, झालंय, दोन वर्षांपूर्वी, मीच केलंय, असं फोनवर सांगू? काच द्या ती इकडे. मी वर जाऊन येते, दहा मिनिटं. कुणी चिठ्ठी घेऊन आलं तर सांगा, थांबा. आणि त्या खुर्चीत बसू देऊ नका.

– आले. बसल्या आहात ना? हे बघा. हे ठिपके. एक, दोन, तीन – सहा. बरोबर डावीकडे खाली. मी म्हटलं होतं ना? मॅडमनी ठिपके दिले, नि म्हणाल्या, चांगलं केलंस. मला तेच नकोय. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता हलवू नका काउंटर. ब्लेड नवं घेतलंय. काच अशी धरायची वरून, कडा जुळवायची – हा चष्मा सारखा घसरतो मेला, दांडी ढिली झालीय. एक स्क्रू आवळायचा आहे, बाकी काही नाही. दोन वर्षं झाली. चिकटपट्टी लावते नि चालवते. दुसऱ्या दुकानात? कशाला देईन दुसऱ्या दुकानात, घरचा माणूस असताना? आणि घरच्या माणसाला कसा देऊ? तिला आता स्क्रू धरता येत नाही. बोटांच्या टोकांना कळतच नाही काही. स्क्रू हातातून पडतो, आणि पडला हे तिला आवाजानं कळतं. आधी बटणं लागेनात, मग चपला – चप्पल पायातून निघून मागे राहते आणि ती पुढे चालत असते, मागून कुणीतरी हाक मारतं, ओ बाई, तुमची चप्पल. हसते ती. म्हणते, ताई, मी आता राजकन्या झाले, माझ्या मागे लोक चपला घेऊन येतात. दुकानात आता ती फक्त चष्मे पुसून डबीत घालते. पुसून डबीत घालते, समजलं ना. माझंच काम तिच्या वाट्याला आलं.

डॉक्टर म्हणतात केमोनं होतं असं काहींना, जातं हळूहळू, काहींचं नाही जात. हिचं नाही गेलं.

हे बघा, निघतंय. पांढरं पांढरं सालपट. हीच ती जखम. एवढ्याशाचं एवढं.

तुला सांगते – तुला म्हणाले, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे – मला कळलं कधी, माहितीय? तिसऱ्या डोसनंतर. दुसऱ्याच कुणाची फाइल शोधत होते, तिची हाताला लागली. उघडायला नको होती. मॅडमच्या रिपोर्टची शेवटची ओळ – सुईची जागा ठिपक्यांनी दाखवली आहे, वगळावी. मी म्हटलं, कुठले ठिपके? कपाटातून काच काढली. लख्ख. मायक्रोस्कोपखाली घातली, आणि मधोमध, अगं कोपऱ्यातही नाही, मधोमध, नखाएवढी जखमेची जागा. मग तो बोळा आठवला. ते काळं आठवलं.

तिच्या बोटांना मुंग्या पाचव्यानंतर सुरू झाल्या. मला कळलं तिसऱ्यानंतर. हिशेब कर. नको, करू नकोस. मी रोज करते. मध्ये एकवीस आणि एकवीस दिवस होते. वर जाऊन मॅडमना सांगायचं, ब्लॉक शिल्लक आहे, परत पाठवू, आठ-दहा दिवसांत खरा आकडा येईल, तोवर पुढचा डोस थांबवा. एवढंच बोलायचं होतं. पायऱ्या किती आहेत वर? बावीस. मी बाराव्या पायरीपर्यंत जाऊन आले. तीनदा. मनाला म्हटलं, आणि खरंच एकतीस असेल तर? मी थांबवला डोस, आणि गाठच द्वाड निघाली तर? तेव्हा काय तोंड दाखवणार? मग ती चौथा घेऊन आली, उलट्या करून करून मांजरासारखी झालेली, तरी म्हणते कशी, ताई, तू स्वतः पाठवलंस ना पाकीट, म्हणून मला विश्वास आहे. गल्लीत सगळ्यांना सांगते. माझ्या ताईनं हातानं पाठवलं. माझ्या ताईमुळे वाचले. एकतीस हा तिचा लाडका आकडा झालाय, दाराच्या कुलपाचा नंबरसुद्धा एकतीस एकतीस. मला तिच्या घरात शिरायचं तर रोज ते दाबावं लागतं.

रडू नकोस गं. तुझं काम झालंय. हे बघ, कडा साफ, गाठ शाबूत, जखमेचा एक कण नाही राहिलेला. हे आता फक्त तुझ्या आईचं बोलणार. कमी बोलेल की जास्त, ते मला नाही माहीत, पण खरं बोलेल. जास्त आला तरी घाबरून जाऊ नका, केमोनं कितीतरी बायका उभ्या राहतात, आणि सगळ्यांची बोटं जात नाहीत. फक्त उगाच कुणी घेऊ नये. गरज असेल तर आनंदानं घ्यावी. मला एवढंच म्हणायचं होतं सकाळपासून, तुम्हाला वाटलं म्हातारी अडून बसलीय.

पाकिटावर नाव बघून घ्या. नंबर वाचा मोठ्यानं. तीन. बरोबर. इथे सही, इथे वेळ – बारा पंचवीस. पोचाल आरामात, कुरिअरचं टेबल मागच्या दारापाशी आहे, लिफ्टनं जाऊ नका, ती मध्येच विचार करत थांबते.

काय?

तिचा ब्लॉक? आहे की, टेस्ट झाली की परत येतो इथेच. जाईल कुठे. दहा वर्षं ठेवावे लागतात. हा काय, तुमच्या उजव्या हाताला, खालून चौथा खण. हो, अजून शिल्लक आहे त्यात, भरपूर आहे. बाजूबाजूनी गाठ आहे, मधलं खरवडलं तर – येईल. का नाही येणार. टेस्टला काय, मेणातलं वर्षानुवर्षं चालतं. ठिपके देऊन घ्यायचे, पाच मिनिटांचं काम, आणि पाठवायचा. कमी आला तर कळेल की बोटं फुकट गेली. जास्त आला तर कळेल की मी काही बिघडवलं नव्हतं, दोन वर्षं उगाचच – मलाही कळतं ते. तुम्हाला आत्ता सुचलं, मला दोन वर्षं सुचतंय. झाकली मूठ आहे ती. आत काय आहे ते ठाऊक नाही म्हणून मी तिच्या घरी जाऊन जेवू शकते.

तिला? तिला काय विचारायचं?

नाही. तिची मूठ आहे, मान्य आहे. बोटंही तिचीच आहेत, तेही मान्य. तुम्ही मुलांना शाळेत असंच विचारता का? मग मुलं येतात तरी कशी वर्गात? मगाशी मॅडमना म्हणाले ना मी, असं कधी झालेलं नाही. तुमच्यासमोर म्हणाले. आणि जिभेला काहीसुद्धा झालं नाही, बघा. सवय होते. म्हणून तुम्हाला सांगितलं असेल – तुम्ही काय, आज आहात, उद्या आकडा घेऊन घरी जाल, परत या खिडकीत कशाला याल. तुम्हाला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. भिंत उलटून विचारत नाही, एवढाच फरक.

हा माझाच वाजतोय. साडेबारा. ती जेवायला बसली की फोन करते, रोज, मी जेवले का विचारायला. स्वतःच्या हातानं लावत नाही आता, त्या काचेवर बोट लागलं की नाही तिला कळत नाही, तोंडानं सांगते फोनला – ताईला लाव. दुकानातले हसतात.

घेणार आहे. घेते ना. तुम्ही आधी जा. तुमच्यासमोर नाही मला बोलता यायचं. पाकीट आडवं धरा, पर्समध्ये कोंबू नका. आणि जाताना ती खिडकी बाहेरून सरकवा – आतून नीट लागत नाही.